नाव घातलेलं ताट

ठिपके होते ते. वाटीच्या कडेखाली, मोहरीपेक्षा बारीक, एकमेकांना जेमतेम चिकटून बसलेले – डोळ्यांना अक्षर दिसत होतं, पण अंगठ्याला ठिपकेच लागत होते, आणि डोळ्यांच्या आधी अंगठाच वाचत होता. पू... मग ती मधली जागा, जिथे वेलांटी आणि रफार एकमेकांत अडकले होते आणि ठोकणाऱ्याचा हात किंचित घसरला होता... मग मा. पूर्णिमा.

अवंतिकाने वाटी आईच्या कॉटवर ठेवली, दुसऱ्या वाटीशेजारी. दोन वाट्या, तांब्या, फुलपात्र. आजोबांनी आईच्या लग्नात दिलेला संच पाच नगांचा होता. महाद्वार रोडच्या दुकानात समोर स्टुलावर बसून त्यांनी प्रत्येक भांड्यावर नाव घालून घेतलं होतं, आणि त्या छिन्नीवाल्याला बजावलं होतं म्हणे, की आडनाव नको, तारीख नको, नुसतं नाव. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने मुलीचं नवं नाव लिहायची तेव्हाची पद्धत. पण मुलगी नाव घातलेली पाच भांडी घेऊन उंबरा ओलांडून आली, तर सासरच्यांना ते बदलायचा जरा संकोच वाटेल, असा त्या अबोल माणसाचा हिशोब होता. आणि तो बरोबर निघाला. आई शेवटपर्यंत पूर्णिमाच राहिली.

पाचवं ताट. ते कुठे नव्हतं. कपाटात नाही, कॉटखालच्या ट्रंकेत नाही, खिडकीतल्या वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यामागे नाही... सकाळपासून अवंतिका शोधत होती, आणि शोधत असल्याचं स्वतःलाही दाखवत नव्हती – साड्या घडी करायच्या, औषधांच्या पट्ट्या वेगळ्या करायच्या, आणि त्या निमित्ताने एकेक कप्पा उघडून बघायचा. उद्या ही खोली रिकामी करून द्यायची होती. बाकी सगळं ती देऊन टाकणार होती. तसं ठरवूनच आली होती. फक्त ताट हवं होतं.

कारण त्या ताटात तिने अक्षर पाहिलं होतं पहिल्यांदा. चार वर्षांची असेल. वरणभात संपत आला, की काठावरचे ठिपके दिसायला लागायचे, आणि ती वरणाचं बोट त्यांच्यावरून फिरवायची. हे काय गं? असं तिने विचारलं, तेव्हा आई अक्षर म्हणाली नाही, नाव म्हणाली नाही. म्हणाली, "ही मी." समोर आई बसलेली, मोठी, अंबाड्याची, आणि ताटाच्या काठावरही आई, तीन बोटं रुंद... नंतर किती पुस्तकं झाली. ग्रंथपालाची नोकरी, सत्तावीस वर्षं, पुस्तकांच्या वासातच केस पांढरे झाले. पण कुठल्याही पानावर नजर पडली की मनाच्या तळाशी कुठेतरी तेच असतं अजून – की हे अक्षर नाही, कुणीतरी बसलंय इथे.

"क्रांती," तिने दारातून हाक मारली. "इथं आईचं एक ताट होतं. नाव घातलेलं."

क्रांती या घरातलं सगळंच बघायची – स्वयंपाक, औषधं, भांडणं. आईला ती बाई म्हणायची. हातातली कोथिंबिरीची जुडी तशीच धरून ती दाराशी आली.

"ताट व्हय? ते चिमणाबाईकडं हाय की. चार वर्सं झाली. बाई बोलल्या न्हाईत तुम्हाला?"

"नाही."

"मग ऱ्हायलं असंल," क्रांती म्हणाली, आणि अवंतिकाच्या चेहऱ्याकडे बघून उंबऱ्यावरच बसली. पानं खुडत, मान खाली घालून सांगू लागली, म्हणजे ऐकणाऱ्याला तोंड लपवावं लागू नये.

एकवीसच्या पुरानंतर, बेघर झालेल्या म्हाताऱ्या माणसांसाठी एका ट्रस्टने हे घर उघडलं, तेव्हा भांडी पोत्यांनी आली होती. लोकांनी आपापल्या माळ्यावरून काढून दिलेली. स्टीलचं भांडं आणि त्यावर नाव नाही असं आपल्याकडे होत नाही. तेव्हा इथल्या अकरा माणसांनी अकरा परक्या नावांत जेवायला सुरुवात केली. कुणाला चि. नृसिंह याच्या मुंजीची वाटी, कुणाला सौ. अंजना हिच्या डोहाळजेवणाचं ताट. कुणाची तक्रार नव्हती. चिमणाबाई चिखलीची, नदीकाठची तिची एक खोली एकोणीसच्या पुरात अर्धी गेली होती आणि एकवीसला उरलेली अर्धी. आल्या दिवशी ती जेवायला बसली आणि तिने विचारलं, माझ्या ताटावर काय ल्हिलंय.

"आन् मी वाचून दाखवलं," क्रांती म्हणाली. "माझीच जीभ. कै. आकाराम यांच्या स्मरणार्थ. झालं. ताट सारलं म्होरं. म्हणाली, मेलेल्या माणसाचं ताट हाय, ह्यात मी जेवलो तर त्यो तिकडं उपाशी ऱ्हायचा."

मग दुसरं दिलं, तर ते दुसऱ्याच्या नावाचं. बिननावाचं दिलं, तर ते कुणाचं ते कळत नाही म्हणून जास्तच नको. तीन दिवस तळहातावर भाकरी घेऊन, भिंतीकडे तोंड करून जेवली. चौथ्या दिवशी बाईंनी आपल्या खोलीतून स्वतःचं ताट आणलं, तिच्यापुढे ठेवलं, आणि म्हणाल्या – चिमणाबाई, गावात जाऊन यावर तुमचं नाव घालून आणलंय, आता तरी जेवा.

"खोटं," अवंतिका म्हणाली.

"खोटं. बाई, आन् खोटं." क्रांती हसली. "शाळेत खोटं बोलल्यावर पट्टी मारायच्या न्हवं त्या?"

मलाही मारली होती. एकदाच. दूध सांडलं आणि मांजरावर ढकललं म्हणून... वळ दोन दिवस होता, आणि आई दोन दिवस त्या वळाकडे बघायचं टाळत होती.

क्रांती गेल्यावर अवंतिका कॉटच्या कडेला बसून राहिली. राग नव्हता. रागाला एक प्रकारची ऊब असते. हे नुसतं गार होतं. शाहूपुरीतला तिचा फ्लॅट इथून गाडीने वीस मिनिटांवर. शाळेतून कधीच निवृत्त झालेल्या आईने जुनं घर सोडलं, तेव्हा अवंतिकाने दुसऱ्या खोलीला रंग दिला, उंबऱ्याची पायरी घासून बसकी करून घेतली, आणि आई तिथे सात महिने राहिली. मग पूर आला, आणि मदतीला म्हणून या माळावर आलेली आई परत गेलीच नाही. फाटकाजवळची बारावी खोली घेऊन इथेच राहिली. माझ्याकडे का नाही, असं अवंतिकाने एकदाच विचारलं होतं, चेष्टेचा सूर लावून. आई म्हणाली, "तुझ्याकडे पुस्तकं आहेत." तेवढंच. चार वर्षं हे वाक्य ती उलटंपालटं करून बघत होती, प्रत्येक वेळी त्यातून वेगळं काही पडायचं – कधी कौतुक, कधी तक्रार. आणि दीड महिन्यापूर्वी एका सकाळी याच खोलीत आई झोपेतून उठली नाही, आणि वाक्य तिथेच, पालथं पडून राहिलं.

ताटही दिलं होतं. न विचारता.

तिने मनाशी एक गोष्ट ठरवली, आणि ठरवताना ती इतकी रास्त वाटली की तिला जरा बरंच वाटलं. शाहूपुरीत नवं ताट घ्यायचं, जाड बुडाचं. दुकानात हल्ली यंत्राने पाच मिनिटांत नाव घालून देतात. चिमणाबाई – खरोखरचं, तिचं. उद्या आणून द्यायचं आणि जुनं मागून घ्यायचं. यात कुणाचं काही जात नाही. उलट एक खोटं दुरुस्त होतं, आणि आईच्या हातून झालेलं एकमेव... एकमेव कशावरून? जाऊ दे.

शिवाय ते ताट आता मेलेल्या माणसाचं झालं होतं. ही गोष्ट तिच्या मनात आली आणि तिने ती पटकन खाली दाबली, उकळी आलेल्या दुधावर पळी धरावी तशी. म्हणजे चिमणाबाईच्या हिशोबाने, ती रोज जेवतेय आणि आई तिकडे...

दुपारी पडवीत सह्यांना बसायचं होतं. हे आईचंच काम. ट्रस्टने यंदा ते अवंतिकाला सांगितलं होतं. वर्षातून एकदा इथल्या प्रत्येकाला एक कागद वाचून दाखवायचा – मी या घरात माझ्या इच्छेने राहतो, मला जावंसं वाटेल तेव्हा मी जाऊ शकतो – आणि पटलं तरच सही घ्यायची. पुराने ज्यांना न विचारता बाहेर काढलं, त्यांना आत ठेवताना तरी विचारावं, असं आईचं म्हणणं. एकेकाला अर्धा अर्धा तास लागायचा. अंगठा घाईने टेकवून घेतलेला आईला चालत नसे.

पहिले आले हंबीरराव, एकेकाळचे पैलवान. कान मुडपलेले, गुडघे गेलेले. बसायच्या आधी त्यांनी स्वयंपाकघराकडे तोंड करून विचारलं,

"क्रांते, आज बंधाऱ्याला पाणी किती फूट?"

"छत्तीस, आबा."

"म्हंजे इशाऱ्याच्या खुणेला तीन फूट ऱ्हायलं."

"आपण माळावर हाय. हितं पाणी आलं तर पन्हाळ्याला नाव लावावी लागंल."

"लावू की," हंबीरराव म्हणाले, आणि कागद हातात घेऊन त्यांनी तो लांब धरला, जवळ धरला. "जावंसं वाटंल तवा जाऊ शकतो. बरं. जायाचं कुठं ते न्हाय ल्हिलं ह्यात."

अवंतिकाला हसू आलं आणि लगेच ओशाळल्यासारखं झालं. "ते तुम्ही ठरवायचं, आबा."

"तुमची आईबी हेच म्हणायची. दर साली," ते म्हणाले, आणि पाटीएवढ्या हाताने बारीक, नीटस सही करून त्यांनी पेन टोपण लावून परत दिलं.

मग जेवणं झाली. ती जेवली नाही. सकाळी उशिरा खाल्लंय, असं सांगितलं. दीड महिना ती हेच सांगत होती, कॉलेजात, शेजारी, फोनवर, आणि ते इतकं सहज निघायचं तोंडातून की खोटं वाटायचंच नाही. खांबाला टेकून ती बघत राहिली. चिमणाबाई टोकाला बसली होती – एवढीशी बाई, हिरवं नऊवारी धुऊन धुऊन पोपटी झालेलं. ताट पुढ्यात आल्यावर तिने ते हळूहळू फिरवलं, काठावरचं नाव आपल्या बाजूला येईपर्यंत. पदराने तेवढी जागा पुसली. मग दोन बोटं त्या नावाला लावली, ती कपाळाला लावली नाहीत, ओठांना लावली नाहीत, नुसती लावली – दार ओढून घेतल्यावर कडी बसली का बघावं तशी – आणि भाकरी मोडली.

माझं आहे ते, अवंतिकाच्या आत कुणीतरी म्हणालं. चार वर्षांचं, वरणाच्या बोटाचं.

बाकीच्यांचे कागद झाले. काहींनी अंगठे दिले, काहींनी सह्या; एकीला मध्येच रडू आलं आणि ती उद्या करते म्हणाली. चिमणाबाई सगळ्यांत शेवटी आली. चटईवर मांडी घातली, गुडघ्यावरचा पदर सारखा केला. अवंतिकाने कागद वाचून दाखवला आणि शाईची डबी पुढे सरकवली.

"अंगठा न्हाय," चिमणाबाई म्हणाली. "सही करतो मी."

त्या भागातल्या जुन्या बायका असंच बोलतात, करतो, जातो. आईला ते फार आवडायचं.

"सही येते तुम्हाला?"

"ह्या सालीच आली. तुझ्या आईला दावणार होतो, म्हणून कागदाची वाट बघत बसलो. तर ती अशी मधीच..." तिने हात हवेत जरासा उडवला, चिमणी उडवावी तसा. "परातीत पीठ पसरून गिरवलं. ह्या क्रांतीनं शिव्या घातल्या, म्हणाली म्हातारी पिठात खेळती."

"खेळतच होती," आतून क्रांतीचा आवाज.

"दे हिकडं पेन."

तिने पेन मुठीत धरलं, लाटण्यासारखं. आधी वरची रेघ ओढली, लांबलचक, डावीकडून उजवीकडे, घराला आधी आढं घालावं तशी. मग त्या रेघेखाली एकेक लोंबू लागलं. अवंतिकाला उलट्या बाजूने दिसत होतं. ती पंडितीण, ओळ कुठल्याही बाजूने वाचू शकणारी, तिला पहिल्यांदा काहीच वाचता आलं नाही. गोल पोट. त्याला काना. खाली एक आकडी. मग बराच वेळ गेला, पेन उचललं गेलं, जीभ दातांत आली... आणि वेलांटी आली, आणि वेलांटीत रफार अडकला, आणि तिथे पेन किंचित घसरलं – चुकून नाही, मुद्दाम. पन्नास वर्षांपूर्वी महाद्वार रोडला एका माणसाचा हात घसरला होता तितकंच, त्याच बाजूला.

पूर्णिमा.

शाई ओली होती. आईच्या नावावर उजेड पडला होता आणि ते चकाकत होतं. दीड महिना ते नाव अवंतिकाने जिथे जिथे पाहिलं, तिथे त्याच्या आधी कै. होतं – दाखल्यावर, बँकेच्या अर्जावर, वर्तमानपत्रातल्या चौकटीत. तिने स्वतःच्या हाताने लिहिलं होतं ते, प्रत्येक वेळी टिंब देताना पेन थोडं जास्त दाबलं जायचं. इथे काही नव्हतं. नुसतं नाव, आणि वर आजची तारीख, आणि वर छापलेलं... मी या घरात माझ्या इच्छेने राहतो.

सांगायला हवं होतं. आत्ताच. कागद चुकीचा ठरेल, कुणी तपासलं तर विचारतील. आणि सांगणं किती सोपं होतं – मावशी, हे तुमचं नाव नाही. पाच शब्द. त्यांच्या पाठोपाठ आपोआप ताट आलं असतं, न मागता. मेलेल्या बाईच्या ताटात ती पुन्हा जेवली नसती. मग कदाचित भिंतीकडे तोंड, तळहातावर भाकरी... अवंतिकाने तोंड उघडलं होतं. जीभ टाळूला लागली होती.

"एक इचारू?" चिमणाबाई म्हणाली. "माझं नाव म्हणायला तोंड किती बार हलतं बघ. चि-म-णा-बा-ई. आन् ल्ह्यायला तीनच. मी म्हटलं तुझ्या आईला, बाई, ह्यात काय तरी कमी हाय. तर म्हणाली, ल्हिताना नाव आखडतं."

अवंतिका तिच्याकडे बघत राहिली. एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, त्यामुळे एक डोळा स्वच्छ आणि एक दुधाळ. दोन्ही डोळे शांत होते. तिला कळलंय, असं वाटलं. मग वाटलं, काहीच कळलेलं नाही. मग – आणि हे सगळ्यांत खोल जाऊन बसलं – की कळलं आहे की नाही, हा प्रश्न या बाईने कधीच बाजूला ठेवून दिलाय, उंबऱ्याबाहेर चपला ठेवतात तसा.

"तसं चिमणाबाईबी सासरचंच नाव," ती म्हणाली. "लग्नात ठेवलं. म्हायेरचं काय होतं, ते आता सांगायला कोण न्हाय. पाण्यानं का काळानं, गेलं." तिने कागद वळवला, अवंतिकाच्या बाजूला केला, आणि वाळत आलेल्या शाईवर, न टेकवता, बोट धरलं. "हे बघ. ही मी. वाच की, बरुबर हाय न्हवं?"

पडवीत दुसरं कुणी नव्हतं. स्वयंपाकघरात क्रांतीचे भांडी घासायचे हात थांबले होते. ते थांबणं ऐकू आलं.

"चिमणाबाई," अवंतिकाने वाचलं.

आवाज तिचा नव्हता. म्हणजे तिचाच होता, पण वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचावा म्हणून जरा सावकाश, जरा ठासून काढलेला. खडूचा वास असलेला... तिला तो घशात कुठून आला ते कळलं नाही. खोटं बोलताना आईला काय वाटलं असेल, हे ती सकाळपासून विचारत होती, आणि आता विचारायचं कारण उरलं नव्हतं. काही वाटत नाही. फक्त समोरच्याच्या चेहऱ्याकडे बघत राहावं लागतं.

आत पुन्हा भांडी वाजू लागली.

"अंगठाही लागेल, मावशी," ती म्हणाली. "शेजारी. ट्रस्टचा नियम आहे."

"दोन्ही? मग मी शिकलो कशाला?"

"सही तुमची. अंगठा त्यांच्यासाठी."

चिमणाबाईने नाक मुरडलं, अंगठा दिला, आणि शाई पदराला पुसू नये म्हणून हात वर धरून, लग्नात मेंदी लावलेल्या बाईसारखी, आपल्या खोलीकडे गेली. कडी आतून लागल्याचा आवाज आला.

अवंतिकाने कागद गोळा केले. हा एक वर ठेवला, मग मध्ये सरकवला, मग पुन्हा वर. आईच्या खोलीत जाऊन दोन वाट्या, तांब्या, फुलपात्र तिने एका पंच्यात बांधलं. मग गाठ सोडली. मग पुन्हा बांधली, सैल. उद्या शाहूपुरीत जायचं का, नवं ताट घ्यायचं का, त्यावर कुठलं नाव घालायला सांगायचं... ठरलेलं होतं ना सगळं? सकाळचं ते रास्तपण तिने हातात घेऊन पाहिलं. त्यात कुठे भेग नव्हती, फक्त ते दुसऱ्या कुणाचं तरी असल्यासारखं झालं होतं.

तुझ्याकडे पुस्तकं आहेत. म्हणजे तुझ्याकडे नावं आहेत, हजारो... असं होतं का ते? की नुसतंच, तू एकटी नाहीस, एवढं? आई असती तर सांगितलंच नसतं. विचारलं असतं, तुला काय वाटतं.

ती स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली तेव्हा क्रांती ओट्यावरून पाणी निपटत होती. तिने वळून पाहिलं.

"भाकरी आहे का गं एखादी?" अवंतिकाने विचारलं, आणि विचारल्यावर तिचं तिलाच जाणवलं की पोटात मघापासून काहीतरी कुरतडतंय, ते दुःख नाही.

"हाय की. आमटी गरम करू?"

"नको. तशीच दे."

क्रांतीने मांडणीवरून हाताला आलं ते ताट ओढलं, ओलंच, त्यावर भाकरी, वर ठेचा, कडेला आमटीची वाटी. अवंतिका जमिनीवर बसली. ताट मांडीजवळ घेताना काठाखाली अंगठ्याला ठिपके लागले, कुणाच्या तरी नावाचे, बरेच होते, लांब नाव होतं. अंगठा सवयीने पहिल्या अक्षरावर गेला... आणि तिथेच थांबला. तिने भाकरी मोडली.